बिलावर जीएसटी दिसत नाही म्हणून दुकानदार चोर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की खेळाच्या सामानावरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तरी नागपुरात बर्डीतले छोटे दुकानवाले भाव कमी करून नाही राहिले, बिलावर जीएसटी दाखवत पण नाहीत, ही सरळ लूट आहे, त्यापेक्षा ऑनलाइन घ्या. मी काही दुकानदार नाही, नोकरदार माणूस, वीस-बावीस वर्षांपासून सकाळी सहाला बॅडमिंटन खेळतो, पण ते पत्र आमच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचलं गेलं आणि चार जण माना डोलवायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. पत्र थोडं लांब होईल, कापायचं तर कापा पण हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

आधी बिलाचं. मी ज्या दुकानात जातो ते बर्डीतल्या एका गल्लीत आहे, आठ बाय दहाचं असेल, दोन गिऱ्हाइकं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. दारातच पाटी आहे, 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन'. मी कितीतरी वर्षं ती पाटी न वाचताच आत जायचो. एकदा विचारलं तर दुकानाच्या मालकांनी, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, समजावून सांगितलं की उलाढाल वर्षाला दीड कोटीच्या आत असेल तर ही स्कीम घेता येते, विक्रीवर १ टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घ्यायचाच नाही, म्हणून तो बिलावर नसतो, उलट लावला तर तीच चोरी. पण याच्या बदल्यात माल उचलताना डिस्ट्रिब्युटरला जो जीएसटी दिला त्याचं क्रेडिट मिळत नाही, तो गेला तो गेला. आता २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, दर उतरला तेव्हा त्यांच्या भिंतीवर जेवढ्या रॅकेटी टांगलेल्या होत्या त्या सगळ्यांवर १२ टक्के आधीच भरून झाले होते आणि ते पैसे कुठूनच परत यायचे नव्हते.

एका रॅकेटचं खरेदीचं बिलच त्यांनी मला दाखवलं. त्यांना ती सगळं धरून २,२६० ला पडली होती, एमआरपी २,९९०, आणि विकतात २,५०० ला. मधे उरले २४०. दर कमी झाला म्हणून दीडशे सोडले तर राहतात ९०, त्यातून तो १ टक्का गेला की पासष्ट-सत्तर रुपये. त्यात दुकानाचं भाडं, लाइटबिल, एका पोराचा पगार. तरी नवीन दराचा माल आला तसे त्यांनी भाव उतरवले, हे मी स्वतः पाहिलं, फक्त घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी उतरवले नाहीत एवढाच काय तो गुन्हा.

आणि तीच रॅकेट त्याच आठवड्यात सेलमध्ये ऑनलाइन २,१९९ ला होती. भाऊंच्या खरेदीपेक्षा ६१ रुपयांनी कमी! त्यांनी मला मोबाईलवर दाखवलं आणि हसले, म्हणाले मीच तिथून मागवून दुकानात लटकवतो नं, फायद्यात राहीन. गंमत वाटते पण यात जादू काही नाही, ज्याने हजार नग उचलले त्याला एक भाव आणि ज्याने सहा उचलले त्याला दुसरा, वरून सेलची सूट कधी कंपनी सोसते कधी साइट. सहा उचलणाऱ्याच्या गळ्यात चालणाऱ्या मॉडेलसोबत न चालणारे रंग पण मारतात, आणि वर्ष-दीड वर्षात मॉडेल बदललं की मागचं सगळं डेड स्टॉक. भाऊंकडे एक जांभळी रॅकेट आहे ती मी करोनाच्या आधीपासून तिथेच पाहतोय.

मग तुम्ही पण ऑनलाइन विका नं, असं आमचे एक मित्र त्यांना म्हणाले होते. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशातून, छिंदवाड्याहून, शिवनीहून लोक खरेदीला येतात, ते दुकानात येऊन घेऊन गेले तर चालतं, पण त्याच माणसाने घरी जाऊन फोन केला की भाऊ अजून एक पाठवा, तर कुरिअर करता येत नाही. रेग्युलर जीएसटीत गेलं की करता येतं, पण मग रिटर्न भरायला सीए लावा, आणि इथे हिशोब लिहायला बसणारा माणूस आणि गटिंग करणारा, म्हणजे रॅकेटला तार बसवणारा माणूस एकच आहे.

आता माझी कबुली. मी पण हे केलंय. भाच्याला रॅकेट घ्यायची होती, त्याला घेऊन भाऊंकडे गेलो, अर्धा तास त्यांनी वेगवेगळ्या रॅकेटी हातात देऊन मनगट कसं फिरतं ते पाहिलं, सांगितलं याला ४यू दे, म्हणजे हलक्या वजनाची, ग्रिप म्हणजे मुठीची जाडी जी५, तारेचा ताण आत्ता २४ पाउंडाच्या वर नेऊ नको. आम्ही 'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडलो आणि व्हरायटी चौकात उसाचा रस पिता पिता ऑनलाइन ऑर्डर केली, तीनशे रुपये वाचले म्हणून खुश. आली ती ३यू, म्हणजे थोडी जड. आता पाच ग्रॅमनी काय होतं असं वाटेल, पण बारा वर्षांच्या पोट्ट्याला आठवड्यात खांदा दुखायला लागला. परत घ्यायला त्या साइटचा नकार, का तर वरचं प्लॅस्टिक काढलेलं होतं. मग त्याच रॅकेटला गटिंग करायला परत भाऊंकडेच गेलो. त्यांनी एक अक्षर काढलं नाही, मशीनवर लावली, तार ओढली, क्लॅम्प केली, पुन्हा ओढली, शेवटी अंगठ्याने तारेवर टिचकी मारून कान जवळ नेला. मजुरी ८० रुपये. मला त्या दिवशी त्या दुकानात उभं राहायला लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू.

शटलचं तर वेगळंच प्रकरण आहे. एका शटलला १६ पिसं, ती बदकाची नाहीतर हंसाची, आणि बहुतेक चीनमधून येतात. तिकडे लोक हे पक्षी खायला पाळतात, पिसं त्यातूनच निघतात, त्यामुळे तिकडच्या ताटात बदक कमी झालं की इकडे नागपुरात शटलचा डबा महाग होतो. आमच्या ग्रुपची शटलची वर्गणी दोनदा वाढली तेव्हा पण सगळ्यांनी भाऊंनाच बोल लावले. भाऊंचं म्हणणं, पूर्वी जेवढ्या पैशात वीस डबे यायचे तेवढ्यात आता बारा-तेरा येतात, आणि डब्यामागे सुटतात तेवढेच. हॉलमध्ये पोट्टे-पोट्टी वाढलीत, २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने सायना नेहवालला हरवल्यापासून तर जास्तच, पण गिऱ्हाईक वाढलं म्हणून दुकानाला बरे दिवस आले असं काही दिसत नाही.

आणि मे महिन्यात, पारा ४५ ला टेकला की हवा पातळ होते, शटल लांब उडतं, म्हणून भाऊ हळू स्पीडचे, ७६ चे डबे मागवून ठेवतात आणि सोबत सांगतात की आदल्या रात्री पिसांना थोडी वाफ द्या नाहीतर कोरडी पडून दोन स्मॅशमध्ये तुटतील. हे ऑनलाइन कोण सांगणार आहे? मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकाने स्वस्तात ७८ चे, म्हणजे जास्त स्पीडचे, सहा डबे मागवले, प्रत्येक सर्व्हिस मागच्या लाइनच्या बाहेर. वाचलेले पैसे आठवडाभरात उडाले.

सगळेच दुकानदार भाऊंसारखे आहेत असं माझं म्हणणं नाही. काही जण डुप्लिकेट रॅकेट ओरिजनल म्हणून गळ्यात मारतात, बिल मागितलं की तोंड वाकडं करतात, नवख्याला थेट एमआरपी सांगतात. त्यांच्याबद्दल त्या वाचकांनी जरूर लिहावं. पण अर्धा तास सल्ला फुकट घ्यायचा आणि माल दुसरीकडून, हे आपणच बंद केलं पाहिजे, आणि माझ्या मते दुकानदारांनी पण ओशाळत न बसता सल्ल्याचे, मजुरीचे पैसे उघड लावावेत. सामानाच्या भावात ते ऑनलाइनशी कधीच जिंकणार नाहीत.

भाऊंनी गेल्या आठवड्यात ते केलंय. मशीनच्या वर पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून लावलंय : गटिंग मजुरी, इथली रॅकेट ८०, बाहेरची १५०, रॅकेट निवडून देणे १००, खरेदी केल्यास वजा. आमच्या ग्रुपमध्ये त्यावर दोन दिवस बोंबाबोंब झाली, एक जण तर म्हणाला काहून द्यायचे शंभर, नुसतं हातात घेऊन पाहायचे? परवा मी भाच्याची रॅकेट घेऊन गेलो, तीच ती ३यू, आणि न विचारता १५० दिले. भाऊंनी नेहमीच्या सवयीने ७० परत करायला गल्ल्यात हात घातला, मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

आपला,
एक नियमित वाचक
प्रतापनगर, नागपूर