रोपाच्या चिठ्ठीवर जातीचं नाव लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेले काही महिने मोबाईलवर एल्डरबेरी या परदेशी फळझुडपाच्या लागवडीच्या काड्यांची जाहिरात फिरते आहे. ‘उष्ण हवामानात हमखास’ असं तीत लिहिलेलं असतं. आमच्या गावातल्या दोन तरुणांनी पैसेही भरले, म्हणून हे पत्र.

एल्डरबेरी उन्हाळ्यात तग धरते हे खोटं नाही. माझी भाची टेक्सासमध्ये राहते. तिच्या परसात तिकडचीच अमेरिकन जात आहे. हिवाळ्याच्या शेवटी ती झाड जमिनीलगत छाटते आणि त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर जांभळ्या-काळ्या फळांचे घोस लागतात. पण फळ कच्चं खायचं नाही, शिजवूनच खायचं, आणि पाला-देठ विषारी, हे तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं. ‘मामा, दोन वेगळ्या जाती जवळ लावल्या की फळ जास्त धरतं,’ हेही तिनंच सांगितलं. जाहिरातीत यातला एक शब्द नाही. जात कोणती, तेही नाही.

मी याच रस्त्यानं जाऊन ठेच खाल्ली आहे. 2019 मध्ये मी सफरचंदाची 40 रोपं लावली, अडीचशे रुपयाला एक. विकणारा म्हणाला होता, ‘पंचेचाळीस अंशांतही येतं.’ चिठ्ठीवर फक्त ‘समर अ‍ॅपल’. झाडं वाढली, पण तिसऱ्या वर्षी पाहतो तर काडी लांबच लांब उघडी आणि शेंड्याला तेवढा पानांचा झुपका. मधले डोळे, म्हणजे फुटीच्या कळ्या, मुके; फुटलेच नाहीत. सफरचंदाला हिवाळ्यात ठराविक तास थंडी लागते; हे थंडीचे तास पुरे झाले नाहीत की असंच होतं. हे तास सात अंशांखालचे मोजतात. आमच्याकडे पहाटे पारा दहा-बारावर आला तरी शेकोट्या पेटतात, मग सात कुठून आणायचे? कित्येक रोपांना तर कलमाच्या जोडाखालूनच फुटवे आले होते. वरची काडी केव्हाच वाळली होती आणि मी खुंटालाच, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या झाडालाच, पाणी घालत बसलो होतो.

कमी थंडीत येणारी सफरचंदं खरोखर आहेत. इस्रायलची ‘अ‍ॅना’, बहामाची ‘डॉर्सेट गोल्डन’, हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची ‘एचआरएमएन-99’. अ‍ॅनाला फळ धरायला परागीकरणासाठी शेजारी डॉर्सेट लागते, दोघी एका वेळी फुलतात. ही गोष्ट मला रोपं लावण्याआधी कळायला हवी होती, झाडं उपटताना कळली.

द्राक्ष तरी कुठं आपल्या हवेचं? थंड मुलुखात ते हिवाळाभर झोपतं. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून डोळ्यांना फूट आणणारी पेस्ट लावतो, तेव्हा कुठं ते एकसारखं फुटतं. पाणी खारं झालं तेव्हा डॉगरिज खुंटावर कलमं केली, आणि तो खुंटही मूळचा टेक्सासचाच. पण खुंट कोणता, काडी कोणत्या जातीची, हे आमच्याकडं पोरासोरांनाही तोंडपाठ असतं. म्हणून तर बागा उभ्या राहिल्या.

माझं कृषी खात्याला एवढंच मागणं आहे. फळझाडाच्या प्रत्येक रोपाला जातीचं नाव, खुंटाचं नाव, थंडीचे तास आणि परागीकरणासाठी लागणारी जोडीची जात लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करा. चिठ्ठीशिवाय रोप विकलं तर कारवाई करा. परदेशातून पिशवीत लपवून आणलेल्या काड्यांवरही नजर ठेवा. परवाना आणि तपासणीशिवाय आलेल्या काडीबरोबर कोणता रोग शिवारात शिरेल, सांगता येत नाही.

आणि आपल्या दैनिकालाही एक विनंती. ‘माळरानावर फुलली सफरचंदाची बाग’ अशी बातमी छापलीत, तर तीन वर्षांनी त्याच बागेत पुन्हा वार्ताहर पाठवा. माझ्या बांधावर 40 पैकी दोन झाडं अजून आहेत. ज्याला मुका डोळा कसा दिसतो ते पाहायचं असेल, त्यानं जरूर यावं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली