आरओ प्लांट: नवीन मेंब्रेनआधी पाण्याची तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 9 ते दुपारी 1 आपला आरओ प्लांट बंद राहील. नवीन मेंब्रेन (पाण्यातले क्षार अडवणारा पातळ पडदा) बसवण्याआधी त्यात जाणारे पाणी तपासायचे आहे. पिण्याचे पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. प्लांट चालवणाऱ्या सभासदांनी लॉगबुक घेऊन 9 वाजता पंपाजवळ यावे.

पाण्याच्या मर्यादा:

- मोकळा क्लोरीन 0.1 पीपीएमच्या खाली हवा. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मेंब्रेनचा पॉलिअमाइडचा थर क्लोरीनने एकदा खराब झाला की कितीही धुतला तरी सुधारत नाही आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) चढत जातो. नमुना कार्बन फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा घ्या, टाकीतला नको, आणि लगेच तपासा. बाटली उन्हात राहिली तर क्लोरीन उडून जातो, आकडा फसवा येतो.
- गढूळपणा 1 एनटीयूपेक्षा कमी, एसडीआय (बारीक कणांनी मेंब्रेन किती लवकर तुंबेल ते सांगणारा आकडा) 5 च्या आत.
- तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर नको. दुपारी टाकीचे पाणी कढत लागत असेल तर प्लांट संध्याकाळीच चालवा.

ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन असतो, म्हणून ती टाकीत टाकायची असेल तर प्लांट चालवणाऱ्यांना आधी कळवा, ही कळकळीची विनंती. शुद्ध पाण्याची धार बारीक झाली म्हणून रिजेक्टचा (क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याचा) व्हॉल्व्ह कोणीही परस्पर आवळू नये. बाहेर जायला हवेत ते क्षार मग मेंब्रेनवरच बसतात. धार कमी वाटली तर आधी सेडिमेंट (गाळ अडवणाऱ्या) फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे प्रेशर बघून लॉगबुकमध्ये लिहा.