टॅक्सीत बाळाच्या सीटचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या मी रोज वाचते. रस्ते, घाट, वाहनतळ, ओझर विमानतळाचा विस्तार, सगळ्यावर भरभरून लिहिलं जातंय आणि ते योग्यच आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण होईल आणि तेव्हापासून देशभरातून, परदेशातून कुटुंबं नाशिकला येऊ लागतील. त्यांच्याबरोबर तान्ही बाळं आणि शाळकरी मुलंही असणार. ओझरला किंवा मुंबईला उतरून ही मंडळी पुढे टॅक्सीनं येतील. त्या टॅक्सीत मूल कुठे आणि कसं बसणार, याचा विचार कुठे झालेला मला दिसला नाही.

माझी लेक जर्मनीत असते. तिथे मूल बारा वर्षांचं किंवा दीडशे सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला मोटारीत योग्य सीटवरच बसवावं लागतं. मागच्या खेपेला ती नातवाला घेऊन आली तेव्हा त्याचं वेगळं तिकीट काढून, त्याची कार सीट विमानातच खिडकीशी बांधून आली. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन प्रवास करता येतो, पण एवढ्या लांबच्या उड्डाणात तिला ते नको होतं. त्या सीटच्या पाठीला विमानात चालते असं सांगणारं लेबल होतं. विमानाचा पट्टा फक्त कमरेचा असतो, त्यामुळे सगळ्याच सीट तिथे बसत नाहीत, आणि मोठ्या मुलांना उंच बसवणारं बूस्टर तर नाहीच. म्हणून लेबल बघून, विमान कंपनीला आधी विचारूनच सीट न्यावी लागते. हे सगळं तिनं केलं आणि विमानात काही अडचण आली नाही.

अडचण आली ती मुंबईच्या विमानतळाबाहेर. टॅक्सी ठरवताना आम्ही फोनवर बाळाच्या सीटबद्दल विचारलं होतं. "मॅडम, बाळ लहान आहे ना, मांडीवर घ्या की," एवढंच उत्तर मिळालं. गाडी आली ती सीएनजीची. डिकीत टाकी, त्यामुळे सामान सीटवर आणि कार सीट कॅरिअरवर बांधू असा चालकाचा बेत. ती आतच हवी म्हटल्यावर मागच्या सीटच्या पट्ट्याचं बकल शोधायला सुरुवात झाली. ते होतं रेक्झिनच्या सीट कव्हरखाली, पार आत दाबलेलं. जावयांनी कव्हरची कड उचलून, कोपरापर्यंत हात घालून ते वर काढलं. चालक बिचारा भला माणूस. टॉर्च धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आजवर कुणी मागितलंच नाही हो." मला त्याचा मुळीच राग आला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ते बकल सापडलं नसतं तर पुढचे जवळजवळ १७० किलोमीटर, कसाऱ्याच्या घाटात ट्रकांच्या रांगेतून, नातू आईच्या मांडीवर असता.

गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगात कशावर आदळली, तर दहा किलोचं बाळ क्षणभर तीनशे किलोच्या आसपास जोरानं पुढे फेकलं जातं. कुठल्या आईचे हात तेवढं पेलतील? आईच्या पट्ट्यातच बाळाला घेतलं तर तिच्याच अंगाखाली ते चिरडतं. आणि आता समृद्धीवर मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे.

विमानात बाळ मांडीवर असलं तरी हवाई सुंदरी येऊन त्याचा छोटा पट्टा आईच्या पट्ट्यात अडकवून बघते. टॅक्सीत कुणी विचारत नाही. खरं तर धोका रस्त्यावर जास्त आहे. अमेरिकेत १९८९ साली सू सिटीला विमान कोसळलं, त्यात मांडीवरच्या चार बाळांपैकी एक दगावलं. तेव्हापासून तिथे बाळांना वेगळी सीट सक्तीची करा अशी मागणी आहे. तिथल्या विमान खात्यानं ती मानली नाही. तिकिटाचा खर्च वाढला की लोक मोटारीनं जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त जीव जातील, असं त्यांचं म्हणणं. हे कारण पटो न पटो, रस्त्याबद्दल ते काय सांगतं ते बघा.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट न लावता गाडी चालवली तर हजार रुपये दंड. टॅक्सीचालकांपैकी कितीजणांना हे कुणी समजावून सांगितलं असेल?

आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या शेअर टॅक्सीचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. तिथे सवारीमागे पैसे. बाळाची सीट ठेवली की एक सवारी गेली, तिचं भाडं चालकानं का सोसावं? ते आई-वडिलांनी द्यावं आणि चालकानं नाही म्हणू नये, एवढं तरी ठरवता येईल. संपूर्ण गाडी ठरवून जाणाऱ्यांसाठी ओझर, नाशिक रोड आणि द्वारका इथे थोड्या सीट भाड्यानं मिळाव्यात, तान्ह्या बाळांच्या आणि बूस्टरही. भाड्यानं देणाऱ्यानं त्या कशा बांधायच्या हेही दाखवावं. तान्ह्या बाळाचं तोंड मागच्या बाजूला हवं, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीच लावू नये, हे अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसतं.

आणि एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे. पेठ रोडच्या आरटीओत टॅक्सी पासिंगला आली की तपासणाऱ्यानं मागच्या सीटवर हात फिरवावा. बकल कव्हरच्या वर असेल आणि पट्टा नीट ओढला जात असेल तरच गाडी पास करावी. याच शहरानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा उपक्रम करून दाखवला होता. सिंहस्थाआधी पासिंगला येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीपासून ही सुरुवात व्हावी, अशी पोलीस आयुक्तालय आणि परिवहन कार्यालय या दोघांनाही आपल्या दैनिकामार्फत माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक आजी
इंदिरानगर, नाशिक