टपरीवाल्या काकांना, कटिंगबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

कंपनीतल्या तंबाखूमुक्ती गटाचं काम बघणारे आम्ही हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. इतर टपरीवाल्यांच्याही नजरेस पडलं तर बरंच. सिगारेट सोडलेल्यांना त्यांनी मागितल्याशिवाय फुल चहा देणं तुम्ही बंद केलंत, त्याचे हे आभार.

सिगारेट सुटली की माणूस गळतो. निकोटिन म्हणजे दिवसभर मारलेली टाच. रक्तात आलं की नाडी वाढते, मेंदू तरतरीत होतो आणि साधारण दोन तासांत ते अर्ध्यावर येतं, की पुढची सिगारेट. ही टाच थांबली की अंग जड, डोकं बधिर. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत उतार पडतो. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. चहाची गोम मात्र क्वचितच कुणी सांगतं, आणि गळालेला माणूस नेमका चहाकडेच धावतो.

धुरातल्या टारमुळे यकृत कॅफिन भराभर जाळतं. ओढणाऱ्याच्या अंगात ते तीन-चार तासांत निम्मं होतं, न ओढणाऱ्याला पाच-सहा तास लागतात. सिगारेट थांबली की काही दिवसांतच यकृताचा हा वेग उतरतो. म्हणजे कालचेच सहा चहा आज अंगाला कितीतरी जास्त लागतात: हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही, आणि सकाळी पुन्हा तीच मरगळ. मग ‘सिगारेटशिवाय जमत नाही’ म्हणून माणूस परत डबी उघडतो. निम्मा चहा, आणि शेवटचा दुपारी तीनच्या आत, एवढंच करायचं असतं. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे; त्यामुळे सिगारेट सोडायला निकोटिनचा गम चघळणाऱ्यालाही हाच नियम. नुसती तंबाखू मळणाऱ्याचं यकृत असं बदलत नाही.

तुम्ही गमवाल्यांना चहा देण्याआधी ‘तोंडात काय आहे?’ विचारता, तेही अगदी बरोबर. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तरी गम तोंडात टाकायचा नाही, आंबट लाळेत निकोटिन नीट शोषलं जात नाही. साध्या च्युइंगगमसारखा सलग चावला तर ते पोटात जातं, मग उचकी आणि जळजळ. हळू चावायचा, तिखट चुणचुण आली की गालात दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. दिवसाला दोन-तीनच घेणारे थकव्याची तक्रार करतात, कारण त्यांना ते पुरतच नाही.

क्रीमरोलच्या बरणीपुढे फुटाण्यांची बरणी आणलीत, हे आम्ही सुचवलंही नव्हतं. चारच्या सुमारास माणूस ढेपाळतो. तेव्हा मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ग्लासभर पाणी आणि गेटपर्यंत दहा मिनिटं झपझप चालणं, यानं तलफही ओसरते. गोडानं तासाभरात पुन्हा तीच गत. आणि दोरीला टांगलेला तो लायटर तुम्ही बाकड्यावरून पलीकडच्या खांबाला नेलात! रिकामा हात सवयीनं तिकडेच जायचा.

गिऱ्हाईक तुमच्याशी मनातलं बोलतं, म्हणून दोन गोष्टी. निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, लावणाऱ्याची झोप मोडत असेल, भलभलती स्वप्नं पडत असतील, तर झोपताना पॅच काढायचा. आणि चार आठवडे उलटूनही थकवा तसाच असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासायची. धूम्रपानानं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, त्यामुळे रक्त कमी असलं तरी ते लपून राहतं. मधुमेहाची, दम्याची किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असणाऱ्यानं सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. काहींचा डोस बदलावा लागतो. छातीत दुखलं तर मात्र एक दिवसही थांबू नये.

तंबाखू सोडायला मदत करणारा, डबीवरचा 1800-11-2356 हा फुकटचा नंबर तुम्ही चष्मा लावून वाचून दाखवता, असं ऐकलं. डबी विकताना तो वाचून दाखवणारे तुम्हीच.

सोमवारपासून दुसऱ्या पाळीतले चौघे सोडतायत. त्यांनाही कटिंगच द्या. फुल-कटिंगमधला फरक महिनाभर गटाच्या वहीवर मांडा, तुमच्या गल्ल्यातून नको.

आपले,
तंबाखूमुक्ती गटाचे कार्यकर्ते