विज्यास पत्र: मॅकेलेलेचा पगार

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय विज्या,

सगळे बरे आहेत. आण्णांची शुगर वर-खाली चालूच, माझी पाठ आहे तशीच. झालं तब्येतीचं.

काल तालमीत मिटिंग झाली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. घरात सांगायला गेलो तर ही म्हणाली, "पन्नाशी आली, अजून बॉलचंच?" सुन्याला सांगावं तर तो तिसऱ्या वाक्याला राजकारण काढतो. म्हणून तुला. दुसऱ्या कुणापुढं रिअल माद्रिदचा मॅकेलेले म्हटलं तर त्याला औषधाचं नाव वाटेल.

तर विषय असा. तालमीखालचे दोन गाळे लांब मुदतीनं द्यायचे, डिपॉझिट घ्यायचं आणि त्या पैशातून येत्या सीझनला तालमीच्या फुटबॉल टीमला बाहेरचे तीन खेळाडू आणायचे. दोन फॉरवर्ड, एक मधे. तिघंही पायात बॉल आला की पब्लिकला उभं करणारे. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मग चहा आला आणि चहाबरोबर हळूच दुसरा विषय आला. आपला सहा नंबर, मधे राहून मागची राखण करणारा. मागं तू आलेलास तेव्हा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून विचारलं होतंस बघ, "हे बुटकं पोरगं कुणाचं रे? बॉल पडेल तिथं हे आधीच कसं हजर?" तेच. त्यानं मानधन मागितलं. बाहेरच्याला जे देणार त्याच्या चौथाई, जास्त नाही. पण चारचौघांत मागितलं, हा राग. एकजण (नाव लिहीत नाही, पत्र तुझ्याकडं कोण कोण वाचतं देव जाणे) म्हणाला, "जाऊ दे की दुसऱ्या पेठेत. करतंय काय ते? आडवे पास तर देतंय."

आडवे पास, विज्या!

मॅकेलेलेला इंग्लंडच्या चेल्सीला घालवल्यावर माद्रिदचा अध्यक्ष फ्लोरेंटिनो पेरेझ हेच बोलला होता. तंत्र बेताचं, वेग नाही, बहुतेक पास मागं नाहीतर आडवे, त्याची उणीव कुणाला भासणार नाही. मला ते पाठ आहे, कारण बेकहॅमचा तेवीस नंबरचा शर्ट घालून तूच ते माझ्या तोंडावर मारलं होतंस. महाद्वार रोडचा शर्ट. पहिल्याच धुण्यात त्यातला तीन गेला आणि पुढं सगळा सीझन तू दोन नंबर होऊन फिरलास.

त्या २००३ च्या उन्हाळ्याचं परत सांगतो, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस. माद्रिदनं स्पेनची लीग जिंकली आणि दुसऱ्या दिवशी डेल बॉस्केला नारळ. चार सीझनमध्ये दोन चॅम्पियन्स लीग (युरोपचा कप) आणि दोन लीग जिंकून देणारा कोच! कॅप्टन हिएरो त्याच्याबरोबरच बाहेर. फॉरवर्ड मोरिएन्तेस मोनॅको क्लबला उसना. मग मॅकेलेले. झिदान, फिगो पुढं गेले की त्यांच्यामागचं सगळं रान हा एकटा राखायचा आणि पगार त्यांच्या कितीतरी खाली. वाढ मागितली, मिळाली नाही, गेला. आणि आला कोण, तर बेकहॅम. त्याची जागा उजवीकडं, तिथं फिगो आधीच उभा, म्हणून त्याला मधे घातला. पोरगं कष्टाळू होतं, ते मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण सगळेच नवरदेव झाल्यावर घोडा धरायचा कुणी?

मार्च २००४ मध्ये माद्रिद लीगमध्ये पहिले, स्पॅनिश कपच्या फायनलमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या आठात. तू पेढे सांगायच्या बेतात. कप झारागोझानं एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ नं नेला. मोनॅकोला घरच्या मैदानावर ४-२ नं हरवलं, तिकडं जाऊन १-३ नं हरले, बेरीज ५-५, पण परक्या मैदानावरचे गोल मोनॅकोचे जास्त, म्हणून बाहेर. दोन्ही मॅचना गोल कुणी घातला? उसन्या दिलेल्या मोरिएन्तेसनं. तू "टीव्ही बंद कर" म्हणालास, मी मुद्दाम आवाज वाढवला आणि आण्णांनी दोघांनाही रात्री तीनला घराबाहेर काढलं. त्यात तुझी चप्पल आतच राहिली, ती आण्णांनी परत द्यायला आठवडा घेतला. पुढं लीगच्या शेवटच्या पाचही मॅच हरून चौथे. बेंचवर माणूसच नाही, तेच ते अकरा पळवून पळवून थकवले.

'झिदान आणि पाव्होन' असं त्यांचं धोरण होतं ना? एकीकडं जगातले सगळ्यात महाग, दुसरीकडं पाव्होनसारखी अकादमीतून वर आलेली पोरं. मधला माणूस, नावानं हलका आणि कामानं जड, तो हिशेबातच नाही. काल मी आपल्या तालमीची यादी बघितली. तीन पाहुणे, बाकी सतरा-अठराची पोरं. आपला सहा नंबर सत्तावीसचा आहे.

आता तू म्हणशील, तुला मोठे खेळाडूच खुपतात. खोटं आहे. फिगोवर माझाही जीव होता. ज्या पेरेझनं क्लबच्या निवडणुकीत उभं राहून सांगितलं की बार्सिलोनाचा फिगो आणतो, नाही आणला तर सभासदांची वर्षाची वर्गणी मी भरतो, आणि सहा कोटी युरोंच्या आसपास मोजून आणलाही, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. आपल्याकडं असं आश्वासन देणारा अजून निघालेला नाही आणि वर्गणी तर कुणीच भरत नाही. आणि ग्लासगोची चॅम्पियन्स लीग फायनल? १५ मे २००२, सव्वाबाराची मॅच, हाफटाइमच्या तोंडावर रोबेर्तो कार्लोसनं नुसता वर उडवलेला बॉल आणि झिदानचा डावा पाय. तो गोल बघून तू माझ्या खांद्याला चावला होतास. पण शेवटी समोरचं लेव्हरकुसेन अंगावर आलं तेव्हा बदली आलेल्या गोलकीपर कासियासनं वाचवलं, आणि त्या दिवशी मधे मॅकेलेले होता. महाग आणले म्हणून ते बुडाले नाहीत. पहिली तीन वर्षं तर धो धो जिंकले. दुसऱ्या दारानं कोण चाललंय ते कुणी बघितलं नाही, म्हणून बुडाले. वीस वर्षं मी हेच बोलत आलोय.

आणि काल मिटिंगमध्ये माझ्या तोंडातून हे निघेना. का, तर खजिनदारानं हिशेब मांडला. गेल्या दोन सीझनची तिकीटविक्री, बक्षिसाचे पैसे, किटचा खर्च. आणि म्हणाला, "बाहेरचे आले की पायऱ्या भरतात, पायऱ्या भरल्या की स्पॉन्सर येतो, सहा नंबरला बघायला कोण येतंय?" मला तिथं बसल्या बसल्या आठवलं, २००४-०५ मध्ये हातात एक मोठा कप नसताना माद्रिदनं मँचेस्टर युनायटेडला मागं टाकून जगात सगळ्यात जास्त कमाई केली होती. म्हणजे धंदा म्हणून पेरेझचं चुकलं नव्हतंच. सरावाच्या मैदानाची जागा विकून कर्ज फेडलं, तिथं आता पाच टॉवर उभे आहेत. (आपल्या गाळ्यांत फार तर मोबाईल कव्हरं विकतील.) फेब्रुवारी २००६ मध्ये मायोर्काला हरल्यावर पेरेझनं राजीनामा दिला खरा, पण २००९ ला तोच बिनविरोध परत आला आणि आल्या आल्या त्यानं ब्राझीलचा काका आणि क्रिस्तियानो रोनाल्डो दोघांना उचललं. पब्लिकला तेच पाहिजे असतं. खजिनदाराला मी काय सांगणार? की आडवा पास कधी द्यायचा हे कळायला दहा वर्षं लागतात? त्याचा रकाना त्याच्या वहीत नाही.

वर आणि सहा नंबरला नकार कळवायचं काम माझ्याच गळ्यात मारलंय. "तुमचं त्याच्याशी जमतंय, तुम्हीच सांगा त्याला." ते रोज सकाळी दूध घालायला आमच्या गल्लीतून जातं. आज मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. त्यानं हाक मारली, हिनं सांगितलं अंघोळीला गेलेत. दहा मिनिटांनी परत आलं, तरी अंघोळ चालूच.

तुझं काय? बदलीचं काय झालं? वहिनींचं पार्सल मिळालं, चटणी भारी होती, त्यांना सांग. पोरीला बारावीचं फार टेन्शन देऊ नको, तू स्वतः गणितात किती मिळवले होतेस ते मला माहीत आहे. घराचं लोन फिटलं का? दिवाळीला येतोयस की गेल्या वर्षीसारखं "बघतो"?

मुद्द्याचं आता. रविवारी सभासदांची सभा आहे. तू आजीव सभासद आहेस, वर्गणी मीच भरत आलोय, लेखी मत चालतं. मी मांडणार आहे की तीन नको, दोन आणा, तिसऱ्याच्या पैशातून सहा नंबरला ठेवा आणि त्याच्याशी दोन वर्षांचं कागदावर करा. माझ्या अंदाजानं तीन-चार मतांवर अडकणार. मोबाईलवरचा फोटो चालणार नाही, सही केलेला कागद लागतो, तेव्हा उद्याच कुरियर कर. आणि विरोधात मत देणार असशील तरी पाठव, पण मग शनिवारी फोन कर आणि त्या पोराला काय सांगायचं ते तूच सांग.

तुझा,
बाळ्या

ता.क. २००४ मध्ये माद्रिदला ओवेन आला तेव्हा "तीन वर्षं तरी हलत नाही" म्हणून तू मिसळीची पैज लावली होतीस. एका सीझनमध्ये न्यूकॅसलला गेला. त्यानं लीगमध्ये तेरा गोल घातले, हे तुझं म्हणणं खरं आहे, पण पैज गोलांची नव्हती. आणि माद्रिदच्याच वुडगेटचं नाव तर काढूच नकोस. वर्षभर दुखापतीत बसून पहिल्या मॅचला स्वतःच्याच जाळीत गोल आणि वर रेड कार्ड, आणि त्याच्या नावाचा शर्ट अख्ख्या कोल्हापुरात शोधत फिरणारा तू एकटाच.