आमच्या गल्लीतल्या बाईंना, मनापासून

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आमच्यासारखी आणखीही घरं असतील, त्यांच्याही कानावर हे जावं.

लेकीला ल्युपस हा आजार आहे, असं निदान झालं. डॉक्टरांनी औषधं नीट समजावून दिली. पण घरी आल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच, हे झालं कशामुळं? कुणी माझ्या माहेराकडं बोट दाखवलं, कुणी नजर काढायला सांगितलं. सासूबाईंनी पूर्वी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांनी ते मनाला लावून घेतलं. आमच्या ह्यांनी तर जेवणच कमी केलं. उमेदीची सगळी वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत गेलेली. मोबाईलवर कुठंतरी ल्युपसच्या कारणांत ‘सिलिका’, म्हणजे वाळूची बारीक धूळ, असं वाचलं आणि कपड्यांवरून ती धूळ आपणच घरात आणली, असं धरून बसले. आणि पोरगी? चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आल्यावर तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाली उमटली होती. गुलाल धुऊन गेला तरी ती हटेना. आपण डोंगरावर गेलोच नसतो तर, हेच ती रात्र रात्र घोकत होती.

त्या संध्याकाळी तुम्ही आलात, चहाला नको म्हणालात आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन मागितलंत. आधी तुम्ही तिला विचारलंत, “तुला काय वाटतं, कशानं झालं?” तोवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग एकेकाचं ओझं तुम्ही उतरवत गेलात. ल्युपसला एकच एक कारण नसतं, हे पहिलं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उठते. त्यामागं जनुकं असतात, पण एखादं दुसरं नव्हे. डीएनएत अशा शंभरावर जागा सापडल्यात, बहुतेकांचा वाटा थोडा थोडा. जुळ्या बहिणी अगदी एकसारख्या असल्या, तरी एकीला झाला म्हणून दुसरीला होतोच असं नाही. म्हणजे माहेर-सासरचा वाद तिथंच मिटला. उसाच्या फडात वाळलेलं पाचट पडलेलं असतं, म्हणून प्रत्येक फड पेटत नाही, ठिणगी पडावी लागते, असं तुम्ही म्हणालात तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा मान हलवली.

ऊन ही त्यातली एक ठिणगी. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर पडतो आणि बिथरलेली यंत्रणा त्यालाच शत्रू समजते. रिपोर्टात डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वाढलेली का दिसली, ते मला तेव्हा उमगलं. पण तुम्ही लेकीला स्पष्ट सांगितलंत की जोतिबाला लाखो माणसं उन्हात चालतात, उन्हानं एकट्यानं ल्युपस होत नाही. तुझ्यात तो आत मुरत असणार, उन्हानं वर आणला. ती त्या रात्री शांत झोपली.

दहा रुग्णांत नऊ बायका का, हेही तिनंच विचारलं. इस्ट्रोजेनचा वाटा असावा, आणि बायकांकडं दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यातलं एक गप्प बसवलेलं असलं तरी काही जनुकं निसटून चालू राहतात. टीएलआर७ हे त्यातलंच. २०२२ साली स्पेनमधल्या एका मुलीत याच जनुकातला एक बदल ल्युपसला कारणीभूत असल्याचं संशोधकांनी दाखवलं. हे ऐकताना पोरीचे डोळे असे चमकले की मला तिची बारावी आठवली.

सासूबाईंना तुम्ही सांगितलंत की टीबीवरचं आयसोनियाझिड किंवा रक्तदाबाचं हायड्रॅलाझीन काहींना ल्युपससारखा त्रास देतं, पण जो गोळी घेतो त्यालाच, आणि गोळी बंद केली की तो बहुधा ओसरतो. आजीच्या गोळीनं नातीला होत नाही. आणि या भीतीनं कुणी टीबीचं औषध मधेच सोडू नये, हेही बजावलंत.

ह्यांच्याशी मात्र तुम्ही वेगळं बोललात. सिलिकाचा संबंध खरा आहे, लपवला नाहीत. पण तो वर्षानुवर्षं कामावर धूळ श्वासात घेणाऱ्यांच्या बाबतीत दिसलाय. “पोरीची काळजी सोडा, स्वतःच्या फुफ्फुसाची करा, मास्क लावा,” म्हणालात. ते आता लावतात. तंबाखूचा धूर हाही धोका वाढवतो म्हटल्यावर दिरांची सिगारेटही अंगणाबाहेर गेली, पुढं सुटलीच. माझ्या दृष्टीनं ही तुमची सर्वांत मोठी कमाई.

ल्युपसशी एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूचाही संबंध जोडतात, हे ऐकून मी घाबरले होते. बहुतेक मोठ्या माणसांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो, ल्युपस मात्र मोजक्यांनाच होतो, हे तुम्ही सांगितलंत. आणि ल्युपस स्वतः संसर्गजन्य नाही, म्हणून तिचं ताट-भांडं वेगळं ठेवायचं बंद करा, हेही. केलं, त्याच दिवशी.

आता ती ल्युपसवरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी न चुकता घेते, वर्षाला डोळे तपासते, छत्री आणि सनस्क्रीनशिवाय बाहेर पडत नाही. तुमच्या त्या कागदाची झेरॉक्स इचलकरंजीच्या नणंदेकडं गेलीय. तिच्या शेजारच्या मुलीलाही नुकतंच हेच निदान झालंय, आणि तिच्या आईलाही सगळे तेच विचारतायत. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी त्यांना तुमच्याकडं घेऊन येते. कॅलेंडरचं पान मी आणेन.

तुमची,
एका लेकीची आई
शिवाजी पेठ, कोल्हापूर