बी.एड.ची आंतरवासिता कोणत्या खात्याची? दोन मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे, कारण बी.एड. महाविद्यालये एका खात्याकडे आणि छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, ज्या शाळांत शिकवायला येतात त्या दुसऱ्या खात्याकडे. आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवून घ्यायच्या या सरावाला, वाली कुणीच नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि 20 आठवडे शाळेत घालवणे सक्तीचे झाले. त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात बी.एड. महाविद्यालयाचे प्राचार्य विनंतीपत्र घेऊन येतात आणि आमचे मुख्याध्यापक भिडेखातर हो म्हणतात. दहावीचा वर्ग छात्राध्यापकांना कुणी देत नाही. त्यात मला चूक दिसत नाही, निकालाचा जाब शेवटी आम्हालाच द्यावा लागतो. मग त्यांच्या वाट्याला येतात ऑफ तास, स्नेहसंमेलनाची धावपळ आणि ऑनलाइन माहिती भरणे.

खरी अडचण मात्र मार्गदर्शक शिक्षकाची, म्हणजे आमच्या शाळेतल्या शिक्षकाची. छात्राध्यापकाचा पाठ चालू असताना त्याने मागे बसून पाहावे, नंतर बोलावे, अशी अपेक्षा आहे. पण वेळापत्रकात त्यासाठी एकही तास नाही. त्यामुळे पाठ टाचणांच्या (पाठाच्या लेखी आराखड्यांच्या) गठ्ठ्यावर शनिवारी एकदम सह्या होतात. टाचण सुबक असते. अपूर्णांक शिकवताना मागच्या बाकावरची मुले कुठे निसटली, हे त्या नवख्या शिक्षकाला कुणी सांगितलेलेच नसते. (आणि 'नॉन-अटेंडिंग', म्हणजे हजर न राहता केलेल्या, बी.एड.बद्दल तर उघड बोलले जाते. तिथे निसटायला मुलेही समोर नसतात!)

पैशाचेही बोलते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 साली कामाचे प्रशिक्षण घेणाऱ्या पदवीधराला महिना 10 हजार रुपये विद्यावेतन ठरले. बी.एड.चा विद्यार्थीही पदवीधरच, पण तो फी भरून आणि एसटीचे भाडे पदरचे घालून राबतो. निदान प्रवासखर्च तरी द्या.

दोन्ही खात्यांनी मिळून एक शासन निर्णय काढावा. मार्गदर्शनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत. दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता शाळा उघडतानाच, जूनमध्ये सुरू व्हावी, म्हणजे घटक पहिल्यापासून शिकवता येतील. आणि त्या निर्णयाची प्रत शाळांनाही थेट पाठवावी. सध्या नियम आम्हाला महाविद्यालयाच्या तोंडूनच कळतात.

आपली,
अनुदानित माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षिका